आक्काच्या कट्ट्यावरचा नदीचा मासा

आक्का, काल तुझ्या कट्ट्यावर पहिल्यांदा एकटी बसले. काय झालं ते सांगणारच आहे, पण आधी आपलं भांडण. ते अर्ध्यावर टाकून तू गेलीस.

दवाखान्यात शेवटी शेवटी तुला बोलायला दम पुरत नव्हता. तरी मला हाताला धरून ओढलंस आणि म्हणालीस, "सुमे, कट्टा सोडू नगंस. आणि नदीचाच मासा ठेव. त्येच्यावर आपलं नाव हाय." मी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, माझं मलाच कळलं नाही. तू होकाराची धरलीस आणि डोळे मिटलेस. जन्मभर आपलं असंच चाललं. मी मान हलवायची आणि अर्थ तू लावायचीस.

थोरल्या जावेला मी तू म्हणते याचं लोकांना नवल वाटायचं. लग्न होऊन आले तेव्हा मी तुम्हीच म्हणत होते. थोडे दिवस ऐकून घेतलंस आणि एकदा सगळ्यांसमोर म्हणालीस, "ए, मला तुमी-बिमी म्हणू नगंस. दिवसभर गिऱ्हाईक म्हणतंय, तुमी लई म्हाग देताय. घरात बी तेच ऐकू व्हय?" सगळे हसले. मी पदर तोंडाला लावला. त्या दिवसापासून तू माझी आक्का झालीस.

बाजारात कट्ट्यावर तू बसायचीस, मी तुझ्या मागं खाली पाटावर. ओरडायचं काम तुझं, कापायचं माझं. मला चारचौघांत आवाज फुटत नाही हे तुला पहिल्या दिवशीच कळलं होतं. कुणी मला भाव विचारला तर तूच मध्ये पडायचीस. "तिला काय इचारताय पावणं? ती मुकी हाय. माझ्याशी बोला." मी मुकी नव्हते, पण बरं वाटायचं. "नदीचा ताजा! पंचगंगेचा मासा! उडतोय बगा अजून!" असं तू ओरडलीस की पलीकडच्या भाजीवाल्या कानावर हात ठेवायच्या.

मासा तू बाहेरून बघायचीस आणि मी आतून. आपलं भांडण तिथूनच सुरू झालं.

मी आले तेव्हा शिंगटा मासा चिरला की कल्ले जास्वंदीसारखे लाल असायचे. आषाढात माशाचं पोट गाभोळीनं गच्च भरलेलं असायचं. बोटानं अंडी मोकळी करायला वेळ लागायचा. मग हळूहळू कल्ले तांबूस झाले, मग विटकरी. वर चिकट साय धरायला लागली, ती पाण्यानं जाईना, विळीच्या धारेनं खरवडावी लागे. गाभोळी कमी झाली. पोट फुगलेलं दिसायचं आणि चिरलं की नुसतं पाणी. एकदा एक मासा हातात आला, त्याची पाठ मधेच वाकलेली. मी तुला दाखवला. तू उलटसुलट करून बघितलास आणि म्हणालीस, "म्हातारा झाला असंल." आक्का, तो माझ्या तळहाताएवढा होता. मी तसं म्हणाले तर म्हणालीस, "मग लहानपणी पडला असंल झाडावरनं." शेजारच्या बायका हसल्या. मलाही हसू आलं. मासा मी बाजूला ठेवला आणि तू तो तुकडे करून पाटीत टाकलास. तुकड्यात बाक दिसत नाही.

आणि डोकी. गिऱ्हाइकाला तुकडे पाहिजेत. डोकं, कल्ले, काळीज, पोटातलं सगळं आपल्याकडं राहायचं. आपल्या सासूच्या सासूपासून चालत आलेलं, चांगलं ते गिऱ्हाइकाला आणि उरलेलं घराला. त्या उरलेल्याचं तू कालवण करायचीस, वरून खोबऱ्याचं वाटण आणि कांदा-लसणाची चटणी. सगळ्या गल्लीला वास जायचा. तुकडे खाणाऱ्यांना चव कुठली कळणार, असं आपण म्हणायचो. लहान काळीज पोरांच्या ताटात घालायचीस, डोळ्याला चांगलं म्हणून.

मग ते पाणी आलं. त्याच्या आधीही यायचं, पण तेवढं कधी आलं नव्हतं. वरच्या अंगाला कुणी काय सोडलं ते आजवर कुणी सांगितलं नाही. कुणी म्हणालं कारखान्याची मळी, कुणी म्हणालं पॉलिशच्या कामाचं पाणी. पहाटे नदी काळी झालेली आणि वरती मासेच मासे, तोंड वर काढून, आ करून. मरळ, वाम, शिंगटा, जे एरवी तळाला असतात तेसुद्धा वर. हाताला लागत होते. सगळं गाव काठावर. बादल्या, घमेली, बुट्ट्या. एका बाईनं नेसत्या साडीचा ओचा केला होता. जत्रा असावी तशी माणसं हसत होती. भाऊजी आणि आमचे हे, दोघा भावांनी पोती भरून आणली. तू पदर खोचून उभी होतीस. म्हणालीस, "सुमे, विळी घे."

मी म्हणाले, "मी नाही कापणार."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. तू थांबलीस. "का गं?"

"हे आजारी आहेत."

"जिती हायत बग की. जिता म्हंजे ताजा. तू काय डाक्टर हायस व्हय माशांची?"

मी खाली बसले नाही. तू मग स्वतः विळी घेतलीस आणि कापत सुटलीस. तुला सवय नव्हती, अंगठा कापून घेतलास. त्यावर हळद दाबून तशीच बाजाराला निघालीस. मी मागनं आले. कापणार नाही म्हणाले होते, येणार नाही असं म्हणाले नव्हते.

त्या दिवशी जे बघितलं ते मी तुला कधी बोलले नाही. मंगळवार पेठेतल्या काकी आल्या. त्यांच्या सुनेला दिवस गेलेले, म्हणून त्या मरळ न्यायला आल्या होत्या. पाटीत मरळ होती, तोंड हलवत होती. तू पाटीवर गोणपाट ओढलंस आणि म्हणालीस, "आज न्हाय काकी. उद्या या." काकी म्हणाल्या, "अगं, मग ही काय?" तू म्हणालीस, "ही बोलल्याली हाय दुसऱ्याची." त्या गेल्या. मग रोजचे रिक्षावाले मामा आले. त्यांनाही उद्या या. आणि त्यांच्या पाठोपाठ एक गाडीवाला आला, ना ओळखीचा ना पाळखीचा, त्याला तू तीच मरळ दिलीस. "पावणं, नशीब काढलंसा, नदीची हाय!" संध्याकाळपर्यंत पाटी रिकामी झाली. ओळखीच्या एकालाही तू त्यातला तुकडा दिला नाहीस.

म्हणजे तुला माहीत होतं. मला तोंडावर माशांची डाक्टर म्हणालीस आणि तुला माहीत होतं.

डोकी मात्र घरी आणलीस. कालवण झालं. मी जेवले नाही, पोट दुखतंय म्हणाले. तू पहिला घास घेऊन माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, "झ्याक झालंय." दुसऱ्यांदा विचारलं नाहीस.

त्यानंतर कॉलेजची ती मुलगी आली. नदीचे मासे तपासायचं तिचं काम होतं. आपल्याकडून पैसे देऊन मासे घ्यायची. तिला कल्ले आणि काळीज पाहिजे असायचं, म्हणून माझ्याशी तिचं जमलं. मी काढून द्यायची, ती बाटल्यांत भरायची. तू तिला चिडवायचीस. "पोरी, तुज्या आईला सांग, मासं शिजवून घाल म्हणून, बाटलीत काय घालतीस?" ती हसायची. चांगली होती. पुष्कळ दिवसांनी ती परत आली आणि कट्ट्याजवळ उकिडवी बसून आपल्याला समजेल असं सांगितलं. कारखान्यांतलं, वर्कशॉपातलं पाणी येतं त्यात शिसं, कॅडमियम असले धातू असतात. ते गाळात बसतात. गाळातले किडे ते खातात, त्या किड्यांना मासे खातात. ते अंगातनं सहजी बाहेर जात नाही, साठत राहतं. मांसात त्या मानानं कमी साठतं. कल्ल्यांत जास्त, काळजात त्याहून जास्त. आणि उसावरची, भातावरची औषधं पावसाबरोबर ओढ्यानं नदीला येतात. त्यानं मोठा मासा मरेलच असं नाही, पण अंडी धरत नाहीत, धरली तर पिल्लं जगत नाहीत, जगलीच तर कधी वाकडी निघतात.

मला जे हाताला लागत होतं त्याला तिनं नाव दिलं एवढंच. पण माझं लक्ष तुझ्याकडं होतं. तू तिला म्हणालीस, "मग आमी काय खाऊ, दगूड?"

ती म्हणाली, "मावशी, मी नुसतं शोधतेय. उपाय माझ्या हातात नाही."

मग तू एकच विचारलंस, हळू आवाजात. तुझा हळू आवाज मी क्वचितच ऐकलाय. "डोक्यात किती असतंय?"

"कल्ले काढले तर कमी. पण काळीज आणि पोटातलं खाऊ नका. पोरांना तर देऊच नका."

वाटेत म्हणालीस, "पोरगी शिकलीया, पर कालवण कशाशी खात्यात तिला ठावं न्हाय." मला राग आला. घरी गेल्यावर तू कालवण केलंस, अगदी नेहमीचं. आणि त्या दिवसापासून वाढायची पद्धत बदललीस. डोकं तुझ्या ताटात, काळीज तुझ्या ताटात. पोरांना तुकडे, मला तुकडा. धाकट्यानं काळीज मागितलं तर म्हणालीस, "तुला काय कराय पायजे? तुला लई दिलं म्हणून शाळंत पैला आलास व्हय?" पोरगं रुसलं. मी मनात म्हणाले, म्हातारपणी जिभेला चटक लागलीय हिच्या. चांगलं चांगलं स्वतः ओढते.

हे मला तू असतानाच कळायला पाहिजे होतं. तू गेल्यावर भांडी घासताना कळलं. टाकून देणं तुला जमत नव्हतं. खाण्याची वस्तू उकिरड्यावर टाकताना मी तुला कधी बघितलं नाही. आणि आम्हाला द्यायचं नव्हतं. मग राहिलं कोण? पण आक्का, हेसुद्धा मी लावलेला अर्थ आहे. खरंच चटक असेल. हट्ट असेल. त्या मुलीचं खोटं करून दाखवायचं असेल. तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही.

तुझ्या माहेरी गेलो होतो ते आठवतं? राधानगरीच्या अलीकडं, तुझा भाऊ मारुती भात आणि ऊस करतो. लहानपणी त्या ओढ्यात तू खेकडे धरायचीस, हे तू इतक्यांदा सांगितलं होतंस की तो ओढा मला न बघता माहीत होता. आपण गेलो तेव्हा मारुती ओढ्यातच औषधाचा पंप धूत बसला होता. पाण्यावर पांढरा फेस. तू दगड उलटे करून बघितलेस. एक खेकडा निघाला, उताणा, पाय आखडलेला.

"मारत्या, काय करतोयस?"

"पंप धुतोय. दिसंना व्हय?"

"ह्यात धुतोस? खालच्या अंगाला मी मासं इकतोय, ठावं हाय न्हवं तुला?"

"तुजं मासं कारखान्यानं मारलं की. समदं जग सांगतंय. आता भावावर घाल!"

तू त्याच्या हातातला पंप ओढून घेतलास आणि बांधावर फेकलास. तुझी भावजय धावत आली. मग चहा झाला, मग जेवण झालं. भांडण कुणी पुन्हा काढलं नाही. येताना एसटीत तू खिडकीला डोकं लावून बसलीस. मग म्हणालीस, "कारखानेवाल्याला शिव्या घालाय बरं वाटतंय. भावाला कशा घालायच्या?" मी मान हलवली. त्या वेळी तरी तुला तिचा अर्थ बरोबर लागला असावा, कारण तू माझ्या हातावर हात ठेवलास.

मग तुझ्या पोटाला पाणी धरलं. मोठ्या दवाखान्यात नेलं. लिव्हर, म्हणजे काळीज, खराब झालंय म्हणाले. आमच्या ह्यांनी विचारलं, कशानं झालं? डॉक्टर म्हणाले, कारणं पुष्कळ असतात, ठाम सांगता येणार नाही. ते आत गेल्यावर तू मला म्हणालीस, "ऐकलंस? डाक्टरला बी सांगता येईना. आता तू माशाचं नाव घेऊ नगंस." घेतलं नाही. आजही घेत नाही. माशानं तू गेलीस असं मी म्हणणार नाही, कारण मला माहीत नाही. तुझ्यासारखी डोकी खाऊन पुष्कळ म्हाताऱ्या जगल्यात. पण मासा आणि तू, दोघांचंही एकच आतलं खराब झालं, हे माझ्या डोक्यातनं जात नाही.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी रक्षा सावडली आणि वाद झाला. भाऊजी म्हणाले, नदीवर पोट भरलं, नदीतच सोडायची. मारुती म्हणाला, आमच्याकडं आता रक्षा शेतात टाकून वर झाड लावतात, नदी घाण होत नाही. भाऊजी त्याच्या अंगावर धावून गेले. "तुज्या शेतात? औषध मारल्याल्या मातीत?" शेवटी काठावरच्या उंबराखाली खड्डा काढून रक्षा पुरली आणि मूठभर पाण्यात सोडली. मला काहीतरी म्हणायचं होतं. त्या पाण्यात तुला मूठभरसुद्धा सोडू नये असं वाटत होतं, आणि तुला त्या पाण्यापासून तोडणंही बरं वाटत नव्हतं. बायकांत उभी राहिले. पाणी त्या दिवशी बरं होतं. राख खाली बसायच्या आधी चिलापी वर आली. माशांची तेवढीच एक जात टिकलीय आता.

तुझं दिवसकार्य झालं. कट्टा मोकळा ठेवला तर दुसरं कुणी बसेल, म्हणून घरात बोलणं निघालं. आमचे हे म्हणाले, "आक्कानं सांगितलंय, नदीचाच न्यायचा. मी पहाटं जाळं टाकतो."

मी म्हणाले, "मी नदीचा नेणार नाही. तळ्याचा कटला घेते."

"आणि बाजारात काय सांगणार?"

"तळ्याचा म्हणून."

"आक्काच्या कट्ट्यावर? माणूस थांबायचं न्हाय. आणि मेलेल्या माणसाचा शब्द मोडतीस व्हय गं?"

भाऊजी भिंतीला टेकून बसले होते. माझ्या डोक्यात रात्रभर तेच, मेलेल्या माणसाचा शब्द. आक्का, तू कट्टा दिलास आणि मासाही ठरवून दिलास. कट्टा घ्यायचा आणि मासा घ्यायचा नाही, याला लबाडी म्हणतात हे मला कळतं. पण तुझ्यासारखं मला जमणार नाही. समोर आलेलं माणूस ओळखीचं की बिनओळखीचं हे बघून पाटीवर गोणपाट ओढायचं, आणि उरलेलं स्वतः खायचं, एवढी ताकद माझ्यात नाही. तू ते सगळं एकटीनं अंगावर घेत होतीस. मी घेतलं तर माझ्यामागं ते उद्या येणाऱ्या माझ्या सुनेकडं जाईल.

म्हणून काल तळ्याचा कटला घेऊन बसले. तुझ्या जागेवर, वर. पाटावर मागं कुणी नव्हतं. सकाळभर मी ओरडले नाही. माणसं येत होती, बघत होती, पुढं जात होती. पलीकडच्या मासेवाल्या बाईनं "नदीचा ताजा!" अशी हाक लावली होती. तिच्यापुढं गर्दी होती. तिच्या पाटीत माझ्यासारखाच तळ्याचा कटला होता.

काकी आल्या. तुझं ऐकून डोळ्याला पदर लावला. मग पाटीत वाकून बघत म्हणाल्या, "नदीचा हाय न्हवं?"

"नाही काकी. तळ्याचा आहे."

"का गं? आक्का तर..."

"नदीचा चांगला राहिला नाही, काकी."

त्यांनी पिशवी खांद्याला लावली. मला वाटलं जातील. म्हणाल्या, "आक्काला म्हाईत व्हतं न्हवं हे?" मी विळी पुढं ओढली. त्या म्हणाल्या, "बरं. दे अर्धा किलो. बारीक तुकडं कर."

त्या गेल्या आणि स्कूटरवरचा एक माणूस थांबला. शाहूपुरीत दुकान असावं, तसा कपडा होता. मी त्याला कधी बघितलेलं नाही, तो पुन्हा येणारही नाही. हेल्मेट न काढताच म्हणाला, "मावशी, नदीचा का?"

पलीकडची बाई माझ्याकडं बघत होती. हो म्हटलं असतं तर त्यानं दोन किलो घेतला असता.

"न्हाय पावणं. तळ्याचा हाय."

मी एवढ्या मोठ्यानं बोलले की भाजीवाल्या वळल्या.

"मग नदीचा कुटं मिळंल?"

"राहिला असला तर नदीतच असंल," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी थट्टा करते असं त्याला वाटलं असणार. गाडी चालू करून तो पलीकडच्या बाईपुढं जाऊन उभा राहिला. ती म्हणाली नदीचा, आणि त्यानं घेतला.

पाटीतला निम्मा मासा तसाच होता. मी त्यावर पाणी मारलं आणि हाक दिली, "तळ्याचा कटला! तळ्याचा हाय, तळ्याचा!" माझा आवाज चिरका आहे आक्का, तुझ्यासारखा लांब जात नाही. म्हणून पुन्हा दिली.